मशागत आणि राखण

शास्त्रपाठ : ईयोब १४:१८-१९, उत्पत्ती २:१५



ईयोबाच्या चौदाव्या अध्यायाचा आरंभ आपण बहुधा प्रेतक्रियेच्या वेळी ऐकतो. मनुष्याच्या अल्प आयुष्याविषयीचे ते बोलणे आपल्या चांगले परिचयाचे आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. तेथे ईयोब ढासळत्या डोंगराकडे, पाण्याने झिजणाऱ्या दगडाकडे आणि पुराबरोबर जाणाऱ्या मातीकडे बोट दाखवितो. ती माती गेली तशी आपली आशाही देवाने घालविली, असे त्याचे गाऱ्हाणे आहे.

उपदेशक ह्या वचनातील आशेवर बोलतात आणि माती सोडून देतात. आज आम्ही मातीवर बोलणार आहोत. ईयोब हा कोरड्या मुलखातला, मेंढरांचा व उंटांचा धनी. सहाव्या अध्यायात त्याने आपल्या मित्रांना ओढ्याची उपमा दिली आहे. गरज नसता भरून वाहणारा आणि उन्हाळ्यात नाहीसा होऊन तांड्यांना फसविणारा असा तो ओढा आहे. वर्षातले अकरा महिने कोरडा पडलेला ओढा एखाद्या दुपारी तांबडे, घट्ट पाणी घेऊन कसा येतो, हे विजापूर, अथणी, गुलबर्गा ह्या भागांतल्या आपल्या बांधवांनी पाहिलेले आहे. ते पाणी तांबडे किंवा काळे का असते, हे त्यांस सांगावे लागत नाही. कोणाचे तरी शेत त्यात विरघळलेले असते.

आता एक प्रश्न विचारू. माती सर्वांत अधिक कोठे वाहून जाते? जेथे पाऊस अतिशय आहे तेथे, असे उत्तर कोणीही चटकन देईल. ते खरे नाही. १९५८ साली वॉल्टर लँगबाइन व स्टॅन्ली शुम ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी आपल्या देशातील अनेक नद्यांचा गाळ पाहिला. ज्या खोऱ्यांत पाऊस फारच थोडा, तेथे माती वाहून नेण्यास पाणीच नव्हते. ज्या खोऱ्यांत पाऊस भरपूर, तेथे गवत व झाडे यांनी जमीन धरून ठेवली होती. सर्वांत जास्त माती जात होती ती ह्या दोहोंच्या मधल्या प्रदेशातून, म्हणजे वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशातून. तेथे जमिनीवर आघात करण्यापुरता पाऊस असतो, परंतु तो आघात झेलण्यापुरते गवत असतेच असे नाही. हा आकडा तिकडचा आहे. जेथे आपल्याकडल्यासारखा सगळा पाऊस तीन-चार महिन्यांतच कोसळतो, तेथे ह्याच्या दुप्पट पाऊस पडत असूनही जमीन तशीच धोक्यात असते.

ह्या मधल्या प्रदेशातून जाणारा एक रस्ता आपणां सर्वांस ठाऊक आहे. यरुशलेमेहून यरीहोस उतरणारा तो रस्ता. लुटारूंच्या हाती सापडलेला मनुष्य ज्यावर अर्धमेला पडला होता तोच. यरुशलेमेत वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. यरीहोस तो १५० च्या आसपास येतो. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांहून अधिक नाही. म्हणजे सकाळी निघालेला प्रवासी सायंकाळपर्यंत जैतुनांच्या डोंगरावरून वाळवंटात पोचतो, आणि वाटेत कोठेतरी ती ३०० मिलिमीटरांची रेघ ओलांडतो. इस्राएलातील अभ्यासकांनी ह्याच उतारावर जागोजाग मातीची मोजमापे केली आणि १९९८ साली ती प्रसिद्ध केली. वरून खाली जाताना मातीतला पालापाचोळ्याचा अंश, तिच्या कणांची एकमेकांस धरून राहण्याची शक्ती, पाणी पिण्याची शक्ती ही सर्व कमी होत जातात, हे अपेक्षितच होते. परंतु ती हळूहळू सारखी कमी होत नाहीत. मधल्या पट्ट्यात एक पायरी लागते आणि जमीन एकदम उतरते. पाऊस जरा कमी झाला किंवा चराई जरा वाढली, तर ही पायरी डोंगरावर वर सरकू शकते. आज जी जमीन गवताची आहे ती उद्या वाळवंटाची होईल, अशी तेथली स्थिती आहे.

गवत नेमके काय करते हे शब्बाथ-शाळेच्या शिक्षकांनी नीट समजून घ्यावे, कारण मुले ते विचारतील. वळवाच्या सरीतला मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने जमिनीवर येतो. उघड्या मातीवर तो लहानशा हातोड्यासारखा आदळतो. ढेकूळ फुटते, बारीक कण उडतात, आणि तेच कण मातीच्या छिद्रांत बसून ती बंद करतात. वर साय धरल्यासारखा पातळ थर होतो. मग पडलेले पाणी आत जाण्यास वाट राहत नाही. ते उतारावरून पळू लागते, पळता पळता जोर धरते, सुटलेली माती उचलते आणि घळ पाडते. गवताचे पाते तो पहिला आघात आपल्या अंगावर घेते. त्याची काडी पाण्याला अडखळविते, मूळ मातीला मुठीत धरते, वाळलेले पान जमिनीवर पडून गांडुळांना व वाळवीला काम देते आणि त्यांच्या बिळांतून पाणी खाली उतरते. ह्यात एक गोष्ट विशेष आहे. सगळी जमीन झाकावी लागत नाही. तिचा तिसरा हिस्सा जरी झाकला गेला तरी धूप पुष्कळच कमी होते, आणि त्यापुढे जी अधिक भर पडते तिचा लाभ कमी कमी होत जातो. म्हणजे सर्वांत मोठी किंमत पहिल्या थोड्याशा गवताची आहे. जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळात विश्वासू, ह्या अर्थाचे प्रभूचे बोलणे लूकच्या सोळाव्या अध्यायात आहे. कोरडवाहू जमिनीत ते अक्षरशः असे लागू पडते.

झाडांविषयी येथेच एक शब्द सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे वृक्षारोपणाचा समारंभ केला की काम झाले अशी समजूत आहे. उंच झाडाच्या पानावरून गळणारा थेंब मोठा असतो आणि सात-आठ मीटर खाली येईपर्यंत त्याने आपला वेग पुन्हा मिळविलेला असतो. झाडाखाली गवत किंवा पाचोळा नसेल, अंगण झाडून लख्ख केले असेल, तर त्या सावलीतली मातीही जाते.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने आदामाला बागेत ठेविले ते दोन कामांसाठी. आपल्या मराठी शास्त्रात त्यांस मशागत व राखण असे शब्द आहेत. मूळ इब्री भाषेत पहिले क्रियापद ‘अबद’, म्हणजे सेवा करणे, राबणे. दुसरे ‘शमर’, म्हणजे सांभाळणे, पहारा करणे. हेच दुसरे क्रियापद गणनाच्या सहाव्या अध्यायातील याजकीय आशीर्वादात आहे; उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून परमेश्वराने आपले संरक्षण करावे असे म्हणतात, ते हेच. एकशे एकविसाव्या स्तोत्रात देव आपला रक्षक आहे असे जेथे म्हटले आहे, तेथेही हेच. देव जसा आपणांस राखतो तसे माणसाने जमिनीला राखावे, इतका मोठा शब्द शेताच्या कामासाठी वापरलेला आहे. आपल्या शेतकऱ्यालाही तो चांगला कळतो. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर बसून गोफण फिरवायची, ती राखण. परंतु कणसाची राखण आपण शिकलो आणि ज्या मातीत ते उभे आहे तिची राखण विसरलो. मशागत मात्र वाढतच गेली.

मशागत वाढून राखण सुटली म्हणजे काय होते ते अमेरिकेच्या मैदानांवर दिसून आले. तेथे पूर्वी आखूड, दाट मुळांचे गवत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी गव्हाचे भाव चढले, ट्रॅक्टर आले आणि लाखो एकर गवत उलथून टाकण्यात आले. १९३० नंतर दुष्काळाची वर्षे लागोपाठ आली. पीक वाळले, जमीन उघडी पडली, आणि पाणी नव्हते तर वाऱ्याने माती उचलली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीची जी भिंत त्या मैदानांवरून गेली तिच्यामुळे तो दिवस ‘काळा रविवार’ ह्या नावाने ओळखला जातो. त्याच महिन्यात त्या देशाने मृद्‌संधारणाचा कायदा केला. दुष्काळ त्या प्रदेशास नवा नव्हता. पूर्वीच्या दुष्काळांत गवत करपून जाई, पण त्याची मुळे जमिनीत असत.

लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातील जमिनीचा शब्बाथ ह्या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखा आहे. सातव्या वर्षी शेत पेरायचे नाही, एवढेच आपण लक्षात ठेवतो. परंतु त्या वर्षी जे आपोआप उगवेल ते राहू द्यायचे होते. ते मालकाने कोठारात भरायचे नाही. त्यावर दासदासी, परके, गुरेढोरे व रानातली जनावरे यांनी निर्वाह करावयाचा. म्हणजे शब्बाथाची जमीन नांगरून उघडी टाकलेली नव्हती. ती हिरवी, रानटी, विस्कळीत अशी झाकलेली होती. कोरड्या देशात पडीक ठेवण्याच्या ह्या दोन रीतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो कायदा झाल्यावर ज्यांनी त्या खात्यात मोठे काम केले त्यांत वॉल्टर लोडरमिल्क हे गृहस्थ होते. १९२२ ते १९२७ ह्या काळात ते चीनमध्ये दुष्काळनिवारणाच्या कार्यात होते. पीत नदीचा तळ गाळाने इतका भरला होता की आजूबाजूच्या मैदानापेक्षा नदीच उंचावरून वाहत होती. हा गाळ कोठून येतो हे पाहण्यास ते नदीच्या उगमाकडल्या पिवळ्या मातीच्या डोंगरांत गेले. तेथे सगळे डोंगर घळींनी चिरलेले. फक्त देवळांच्या भोवतालची राखलेली राने तेवढी उभी. पाऊस तोच, माती तीच, उतार तोच. त्यांनी दोन्हीकडे वाहणारे पाणी मोजून पाहिले आणि दोष आकाशाचा नसून उघड्या जमिनीचा आहे, ह्या निष्कर्षावर ते आले. पुढे १९३८-३९ मध्ये त्यांनी पवित्र भूमीचा प्रवास केला. डोंगराळ भागाच्या अर्ध्याहून अधिक क्षेत्रातील तांबडी माती खडकापर्यंत धुऊन गेलेली त्यांस आढळली. पेरणाऱ्याच्या दाखल्यातील खडकाळ जमीन आठवावी. तीत दगडगोटे मिसळलेले होते असे नव्हे. खाली सलग खडक आणि वर चार बोटे माती अशी ती जमीन असते. म्हणून तेथे बी लवकर उगवते आणि लवकर करपते.

जून १९३९ मध्ये यरुशलेमेच्या आकाशवाणीवरून भाषण करताना लोडरमिल्क यांनी अकरावी आज्ञा म्हणून एक आज्ञा मांडली. मोशेला जर जमिनीचे पुढचे हाल दिसले असते तर त्याने दहांत ही भर घातली असती, असा त्यांचा आशय होता. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे, परंतु हे काही आम्हांस पटत नाही. अकराव्या आज्ञेची गरज नव्हती. दहा आज्ञांच्याही आधी, पापाच्याही आधी, एदेन बागेतच ती दिलेली होती.

दूरच्या गोष्टी पुरे. ग्वाल्हेरच्या आमच्या बांधवांस चंबळेचे बीहड अपरिचित नाहीत. भिंड, मुरैना, श्योपूर ह्या जिल्ह्यांत आणि पलीकडे धौलपूर, इटावा येथे नदीकाठची सुपीक गाळाची जमीन घळींनी पोखरली आहे. बीहड म्हटले की लोकांस दरोडेखोर आठवतात, आणि १९७२ च्या एप्रिलमध्ये जौरा येथे जयप्रकाशजींपुढे त्यांनी शस्त्रे ठेविली तो प्रसंगही आठवतो. माणसांनी शरणागती पत्करली; घळींनी ती पत्करली नाही. त्या घळी फार जुन्या आहेत, सगळा दोष आजच्या माणसाचा नाही हे खरे. तरी शेताच्या कडेने घळीचे तोंड पावसाळ्यागणिक आत सरकते हेही तितकेच खरे. १९८० च्या दशकात तेथे विमानातून विलायती बाभळीचे बी टाकण्यात आले. ते रुजले, हिरवेपण आले. पण ह्या बाभळीच्या खाली गवत फारसे वाढत नाही, आणि आपण वर पाहिलेच की राखण करणारे ते खालचे गवतच असते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको संस्थानातील गवताळ जमिनीतही अति चराई व दुष्काळ यांनंतर ह्याच बाभळीची जातभाई असलेली झुडपे पसरली. झुडपाच्या बुडाशी मातीचा ढीग राहतो आणि दोन झुडपांमधली जमीन उघडी पडून धुपते. दुरून रान हिरवे दिसते.

आणि आता हवामानही पालटत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानाने पृथ्वी सरासरी एक अंशाहून अधिक तापली आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा पूर्वीपेक्षा जोराने पडतो, आणि दोन पावसांमध्ये जमीन अधिक वेगाने सुकते. ह्या दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या की काय होते ते वाचकांनी आतापर्यंत ताडलेच असेल. उघाडीत गवत जळते, आणि त्या उघड्या जमिनीवर पुढली सर येते. सगळेच वाईट घडते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. हवेत कर्बवायू वाढल्यामुळे वनस्पती थोड्या पाण्यात भागवू शकतात आणि काही कोरडे प्रदेश पूर्वीपेक्षा हिरवे झाल्याचे उपग्रहांवरून दिसले आहे. चीनमधील ज्या पिवळ्या डोंगरांविषयी वर लिहिले, तेथे पायऱ्यांची शेते, बंधारे आणि १९९९ पासून उतारावरची शेती सोडून गवत-झाडे वाढविण्याची मोठी मोहीम, यांमुळे नदीचा वार्षिक गाळ दीड अब्ज टनांहून अधिक होता तो एक-पंचमांशाच्याही आसपास आला. म्हणजे ईयोबाची उपमा उलटही फिरू शकते.

परंतु येथे एक अडचण आहे, ती बाजूला सारून उपदेश करणे आम्हांस बरे वाटत नाही. सीमाभागातील एका खेड्यात आम्ही हाच विषय मांडला. प्रार्थना संपल्यावर मंडळीतील एक वृद्ध विधवा बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “दादा, गवत राखा म्हणतासा, खरं माझ्या चार शेळ्यांनी काय खायाचं?” त्यांना शेत नाही. माळ हेच त्यांचे शेत. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत होतो तेव्हा हात वर करणारे बहुतेक जमीनवाले असतात आणि ठरावाची किंमत पहिल्या दिवसापासून देतात त्या ह्या बाई.

‘शमर’ हे क्रियापद आणखी एके ठिकाणी आहे, हे आता सांगावयास हवे. आपल्या भावाचा राखणदार मी आहे काय, असे काइनाने देवाला विचारले तेथे. आणि तोही शेतकरीच होता. पहिल्या अध्यायांत जमिनीची राखण आणि भावाची राखण ह्यांस एकच शब्द आहे. म्हणून ज्या गावाने माळ राखला पण शेळीवालीला उपाशी ठेविले, त्या गावाने अर्धीच राखण केली असे आम्ही समजतो. दुसरी रीत आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या कमी पावसाच्या गावात १९९० नंतर मोकाट चराई व कुऱ्हाड बंद झाली, पण गवत कापून डोक्यावरून नेता येत होते. माळ वाचला आणि गोठ्यातल्या जनावराला चाराही मिळाला. हरियाणातील सुखोमाजरी गावात १९७० च्या दशकात ह्याहून पुढचे पाऊल टाकले गेले. डोंगर चराईपासून राखावा आणि त्याच्या मोबदल्यात नव्या तळ्याच्या पाण्याचा वाटा प्रत्येक घराला, जमीन नसलेल्या घरालासुद्धा, मिळावा असे ठरले. त्या बाईंच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते ह्याच धर्तीचे होते: बंदीचा ठराव करण्याआधी चाऱ्याचा वाटा ठरवा, आणि तो मंडळीच्या जमिनीपासून सुरू करा.

कारण मंडळीकडे जमीन आहे. बऱ्याच ठिकाणी मंदिराचे आवार, दफनभूमी, जुन्या मिशनचे माळ असे पाच-दहा एकर आपल्या ताब्यात असतात. दफनभूमीतील गवत उन्हाळ्यात पेटवून देण्याची चाल सोडून द्यावी. ते पावसाळ्यानंतर कापून, ज्यांची गुरे-शेळ्या आहेत त्यांस वाटावे. कापताना मुळाशी चार बोटे ठेवावे. कापणीच्या सणाआधी आवार खरडून लख्ख करण्याची वडीलमंडळांस हौस असते. मांडवापुरती जागा साफ करावी, उतार तसाच राहू द्यावा. उताराला आडवी, समपातळीत, वाळ्याची एक ओळ लावावी. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा लावीत आले आहेत. त्याची मुळे खोल सरळ जातात आणि जनावरे जून पात्याला सहसा तोंड लावीत नाहीत.

शब्बाथ-शाळेसाठी : तेलाचे तीन चौकोनी डबे आडवे कापून घ्यावेत. एकात नुसती माती भरावी, दुसऱ्यात मातीवर वाळका पाला पसरावा, तिसऱ्यात मुळांसकट काढलेले गवत बसवावे. तिन्हींच्या एका टोकाला खाच पाडून खाली काचेची बरणी ठेवावी आणि डबे सारखे तिरपे करावेत. मोठ्या मुलाने खुर्चीवर उभे राहून झारीने तिन्हींवर सारखेच पाणी ओतावे. कोणत्या बरणीत पाणी आधी येते, कोणत्या रंगाचे येते, हे मुलांनी सांगावे. आपण सांगू नये. मग ईयोब १४:१८-१९ वाचावे. बरण्या झाकून पुढच्या रविवारपर्यंत खिडकीत ठेवाव्यात, म्हणजे तळाशी बसलेला गाळ मुलांना बोटाने मोजता येईल.